पाण्याशेजारी डिस्क गोल्फ: खेळायचं की गाडी वळवायची?

बेळगावच्या आसपास डिस्क गोल्फ खेळायचं म्हटलं की पाणी टळत नाही. मोकळी, बऱ्यापैकी सपाट आणि कुणी पेरलेली नाही अशी जागा शोधत निघालात तर ती तळ्याच्या काठाला नाहीतर बॅकवॉटरच्या कडेलाच सापडते, कारण बाकी सगळीकडं ऊस, भात नाहीतर प्लॉटचे दगड. त्यामुळं आमच्या टोळीत नवीन जागा बघायला गेलं की वाद ठरलेला: पाण्यावरून टाकायचं, कडेनं टाकायचं, की गाडी वळवून घरी जायचं? मी उद्यमबागेत टूलरूममध्ये नोकरी केलेला माणूस, माप घेतल्याशिवाय मत द्यायची सवय नाही. या वादात मी काय बघतो आणि काय मोजतो ते इथं सांगतो. आमच्याकडं पक्का कोर्स नाही. बास्केट मोटरसायकलला बांधून न्यायची आणि जागेवर मांडायची, म्हणजे कोर्स कसा असावा हेही आपल्याच हातात. पक्क्या कोर्सवर खेळणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन माणूस पाण्याकडं बघून एक तर घाबरतो, नाहीतर पेटतो. पाणी किती रुंद, किती खोल हे नंतर. आधी काठ बघा. डिस्क वाया जाते ती बहुतेक वेळा काठामुळं, आणि माणूस पाण्यात पडतो तोही काठामुळंच.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: गोल्फसारखाच खेळ, चेंडूऐवजी प्लास्टिकची डिस्क आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये घालायची. 1975 साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स झाला, तो मांडला एड हेड्रिक यांनी. साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. 1976 ला पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना निघाली, आणि आज जगभर तिचेच नियम धरले जातात. हेड्रिक 2002 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणं त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क काढल्या. आमच्या टोळीतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मेल्यावरबी पाण्यात बुडायचा चान्स हाय की!"

काठ कसा बघायचा

पलीकडच्या काठापासून सुरुवात करा. बास्केट पाण्याच्या पलीकडं असेल तर डिस्क जमिनीला टेकल्यावर पुढं काय करते, यावर सगळा खेळ आहे. ती सपाट उतरली तर घसरत जाते, कडेवर उतरली तर उभी पळत सुटते. खानापूर-जांबोटीकडच्या जांभ्या मुरमावर उन्हाळ्यात टणकन उडून कुठल्या कुठं जाते. तीच डिस्क बैलहोंगलच्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर थपकन बसते ती हलत नाही. काठ पाण्याकडं उतरता असेल, तर बास्केटजवळ सुंदर पडलेली डिस्कसुद्धा वळून पाण्यात येते आणि आपण लांबून बघत बसतो. याची परीक्षा सोपी आहे. एक जुनी डिस्क घेऊन पलीकडं जा, बास्केट ठेवणार तिथं ती कडेवर उभी धरा, पाण्याच्या दिशेला तोंड करून हलकेच सोडा. पाण्यापर्यंत गेली तर बास्केट तिथं नको. मागं सरकवा, किंवा बांध असेल तर बांधाच्या पलीकडं न्या. गुडघाभर गवत असलेला काठ सगळ्यात चांगला. डिस्क थांबते, फक्त शोधताना काठीनं गवत आपटत जायचं. घोणस असते आपल्याकडं, पायात बूट हवेतच.

मग अलीकडचा काठ. टाकताना आपण दोन-तीन पावलं पळत येतो आणि हात सुटल्यावर तोल पुढं जातो. टीच्या, म्हणजे टाकायच्या जागेच्या, पुढं निदान चार पावलं कोरडी, घट्ट जमीन हवी. काठावरची माती ओली आणि हिरवट असेल तर शेवाळ आहे असं समजा, आणि टी मागं घ्या. पंधरा फूट मागं घेतली म्हणून कुणी लहान होत नाही.

तिसरी गोष्ट लोक बघतच नाहीत: पाण्यात घसरलेला माणूस कुणाच्या मदतीशिवाय वर येऊ शकतो का? काठानं चालत जा आणि वर यायच्या वाटा मोजा. गुरांची वाट, धुण्याचे दगड, पायऱ्या, झाडाची मुळं. एकही वाट सापडली नाही तर पुढचं काही मोजू नका, गाडी वळवा.

जिथं मी डिस्क पिशवीतून काढतच नाही

पहिला नंबर प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा. कर्नाटकात 2014 पासून कृषी भाग्य योजनेत कोरडवाहू भागात अशी पुष्कळ तळी झाली, इथं त्यांना कृषी होंडा म्हणतात. वरून बघायला किती छान: चौकोनी, स्वच्छ, बेताची रुंदी, सभोवार सपाट रान. भाचा तर असं तळं दिसलं की गाडीवरूनच ओरडतो, "मामा, टाकूया की इथं!" पण त्याचा उतार आणि वरचं प्लास्टिक एकत्र बघा. पाण्याच्या रेषेजवळ प्लास्टिकवर बोट फिरवलं की शेवाळाची बुळबुळीत साय लागते. तिथं हाताला धरायला काही नाही, पायाला रोवायला काही नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाला लागून वर येऊ शकत नाही, खरवडत राहतो आणि दमतो. शहाणे शेतकरी कडेला खुंटीला बांधून गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवतात, कुठं टायर बांधलेली असते. दोर असला तरी मी तिथं खेळत नाही. सौंदत्तीकडं एका शेतकऱ्यानं आमच्या हातातल्या डिस्क बघून काही विचारायच्या आधीच सांगितलं होतं, "नीराग होगब्याड्री." पाण्यात जाऊ नका. त्याच्या पुढं शहाणपण कुणी शिकवायचं?

दगडाची खण तशीच. उभे कडे, खोलीचा अंदाज नाही, आणि उन्हाळ्यातसुद्धा खाली पाणी इतकं गार की उडी मारणाऱ्याचा श्वास अडकतो. कठडा नसलेली विहीर फेकीच्या टप्प्यात असेल तर तेही नको. हवेतल्या डिस्ककडं वर बघत मागं मागं जाणारा माणूस मी पाहिलाय, त्याला पायाखालचं जग नसतं. वाहता कालवा नको. आणि चिकोडी, रायबाग, अथणीकडं कृष्णाकाठ असेल तर डिस्क गेली ती गेली. कृष्णेत मगरी आहेत, हे सांगलीपासून खाली कुठल्याही कोळ्याला विचारा.

राकसकोप जलाशय आम्ही सोडून दिलाय, तो वेगळ्या कारणानं. बेळगाव शहर ते पाणी पितं. आणि गणपती विसर्जनाचं तळं असेल तर तिथंही नको. एक म्हणजे भावनेचा प्रश्न, दुसरं म्हणजे पाण्याखाली मूर्तींच्या लोखंडी पट्ट्या आणि काथ्या असतात. डिस्क काढायला टाकलेला गळ कशात अडकून वर काय घेऊन येईल ते सांगता येत नाही. गावासमोर तसं काही वर आलं तर पुढं तिथं पाऊल ठेवायला नको.

बॅकवॉटरचं गणित वेगळं

हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला हुक्केरी बाजूनं गेलात तर मार्च ते मेमध्ये पाणी उतरून अशी लांबलचक मैदानं उघडी पडतात की वाटतं हा खेळ इथंच जन्मला. पण ही जागा कायमची नाही. धरणातून पाणी सुटतं तसा काठ सरकतो. गेल्या रविवारी टी जिथं होती तिथून पाणी या रविवारी लांब गेलेलं असतं, आणि जुलैत घाटात पाऊस लागला की चार-आठ दिवसांत सगळं मैदान गायब. म्हणून बॅकवॉटरला जुन्या मापावर खेळायचं नाही, प्रत्येक वेळी नवं माप.

इथला धोका पाण्यात नाही, गाळात आहे. वरचा थर उन्हानं वाळून भेगाळलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा गाळ. गुडघ्यापर्यंत गेलेला पाय बूट आत ठेवूनच वर येतो. माझी पद्धत अशी: गुरांच्या खुरांचे ठसे बघत चालायचं. ठसे उथळ आहेत तोवर जमीन घट्ट. खोल होत गेले की सावध. जिथं ठसेच संपतात, म्हणजे गुरंही पुढं गेली नाहीत, तिथं आपली हद्द. ही रेष काठ्या रोवून दाखवायची आणि तिच्या पलीकडं सगळं आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर (आमच्या भाषेत ओबी), पाणी पन्नास पावलं पुढं असलं तरी. अशा ठिकाणी ओबीची रेष पाण्याला चिकटवून आखली तर माणूस डिस्कच्या मागं गाळात जाणारच.

आणखी एक. पाणी उतरलं की आसपासचे शेतकरी गाळपेरा करतात. कोवळं पीक असलेल्या पट्ट्यावरून डिस्क टाकायची नाही, त्यात शोधायला तर अजिबात जायचं नाही. पीक नसलेल्या जागेसाठीही ज्याची गुरं तिथं चरतात त्याला विचारायचं. विचारल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट पोरं बास्केटजवळ येऊन बसतात.

रुंदी मोजायची ती अशी

आता मापाची गोष्ट. नजरेनं पाण्याची रुंदी कधीच बरोबर कळत नाही. पाण्यावर नजर अडायला झाड नाही, खांब नाही. फोनच्या नकाशावर मोजता येतं, पण उपग्रहाचा फोटो कुठल्या महिन्यातला आहे कुणाला माहीत. मे महिन्यातला फोटो बघून सप्टेंबरमध्ये टाकायला गेलात तर संपलं.

मी पेपरचा कागद वापरतो. 'तरुण भारत'चं एक पान चौकोनी कापायचं आणि कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरकं दुमडायचं. एक काटकोन आणि दोन 45 अंशांचे कोन, गुण्या तयार. काठावर उभं राहायचं, काटकोनाची एक बाजू काठाला समांतर धरायची आणि दुसरी बाजू पलीकडच्या ज्या झाडावर जाते ते झाड लक्षात ठेवायचं. पायाखाली चप्पल ठेवायची. मग काठानं सरळ चालत जायचं. अधूनमधून थांबून 45 अंशाचं टोक डोळ्याशी धरायचं, आखूड बाजू चपलेच्या दिशेला, आणि तिरक्या लांब बाजूवरून झाड बघायचं. झाड त्या रेषेत आलं की थांबायचं. तिथून चपलेपर्यंत जेवढी पावलं, तेवढीच पाण्याची रुंदी. काठ सरळ असेल तिथंच हे नीट जमतं, वाकड्या काठाला चूक येते.

आता स्वतःचं माप. सकाळी लवकर, मैदानात कुणी नसताना दहा डिस्क टाका. क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर, त्यावरून पावलांचं माप ठरवून घ्या. प्रत्येक डिस्क जिथं पहिल्यांदा जमिनीला टेकली तिथपर्यंत मोजायचं, घसरत जाऊन थांबली तिथपर्यंत नाही. पाण्यावर घसरणं नसतं. बहुतेक जण इथंच फसतात, मैदानात सत्तर मीटर म्हणून मिरवलेली फेक हवेत पंचावन्नच असते. मग दहाही लांबून आखूड अशा क्रमानं लावा आणि आठवी बघा. ही आठवी फेक पाण्याच्या रुंदीपेक्षा निदान दहा पावलं जास्त असेल तर टाका. नसेल तर नाही. टूलरूममध्ये गो-नो-गो गेज असतो, पीस बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. "जवळजवळ बसतो" असा शेरा त्यात नाही. आठवी फेकही तशीच धरा.

दहा पावलं जादा का, तर पाणी समोर दिसलं की हात आवळतो. माणूस जोर लावतो, डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर उचललं जातं, ती वर चढते, हवेत थबकते आणि डावीकडं पाण्यात उतरते. हे मी उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून ओढून, टाकणाऱ्याबद्दल बोलतोय. उपाय एकच, पाण्याकडं न बघता पलीकडच्या काठावरच्या एखाद्या बुंध्याला नेम धरायचा आणि मैदानात टाकतो तेवढ्याच जोरात टाकायचं.

थेट टाकायची की वळसा घालून

समजा थेट पलीकडं टाकली तर तुम्ही तीन फेकींत होल (टीपासून बास्केटपर्यंतचा एक डाव) संपवता आणि पाण्याला वळसा घालून गेलात तर चार. थेट टाकली आणि पाण्यात गेली तर ती एक फेक, वर दंडाची एक, आणि मग शहाणे होऊन वळसा घातलात तर आणखी चार. एकूण सहा. म्हणजे यश मिळालं तर एका फेकीचा फायदा, फसलं तर दोनचा तोटा. तीनपैकी दोन वेळा पलीकडं जात असाल तर बरोबरी, त्याहून जास्त वेळा जात असाल तरच थेट टाकण्यात अर्थ आहे. यात बुडालेल्या डिस्कची किंमत धरलेली नाही. बाहेरून मागवली की हजार-दीड हजार सहज जातात, तेव्हा मी तीनात दोनवर टाकत नाही, पाचात चारवर टाकतो. भाच्याचं मत वेगळं आहे, पण त्याच्या डिस्क त्याचा बाप आणून देतो.

नियम आधी ठरवून घ्या, पाण्यात गेल्यावर नाही. पीडीजीएच्या नियमात डिस्क पूर्णपणे ओबीच्या हद्दीनं वेढलेली असेल तरच ओबी. कडेचा एक भाग जरी काठावरच्या कोरड्या, हद्दीतल्या जमिनीवर असेल तर ती आत. ओबीला एका फेकीचा दंड, आणि मग मागच्या जागेवरून परत टाका, किंवा डिस्क हद्दीवरून शेवटची जिथं बाहेर गेली तिथून आत एक मीटरपर्यंत जागा घ्या, किंवा ड्रॉप झोन (दंडानंतर टाकायची आधीच ठरवलेली जागा) ठेवला असेल तर तिथून. पाण्यात पडलेली डिस्क नुसत्या पाण्यानं हलत असेल तर ती थांबली असं धरतात. तरंगत तरंगत काठाला लागली म्हणून सुटका नाही. यावरून आमच्यात एकदा चहा गार होईपर्यंत भांडण झालंय.

डिस्क पाण्यात गेली की पलीकडच्या गवतात, हे कुणी पाहिलंच नाही तर? शोधायला तीन मिनिटं. पाण्यात गेल्याचा पक्का पुरावा नसेल तर ती हरवली, दंड एक, आणि मागच्या जागेवरून परत. म्हणून पलीकडं एक माणूस उभा करायचा. डिस्क काठाला टेकून पाण्यात गेली की टेकलीच नाही, हे त्यालाच दिसतं, आणि पुढची फेक अलीकडून की पलीकडून हे त्याच्या शब्दावर ठरतं. पावसानं साचलेलं डबकं ही वेगळी गोष्ट. ते ओबी ठरवलेलं नसेल तर दंड नाही, बास्केटच्या रेषेत मागं सरकून कोरड्या जागी उभं राहायचं.

वारा

जून ते ऑगस्ट बेळगावला पश्चिमेचा वारा घाटावरून नुसता ढकलत येतो. या दिवसांत पश्चिमेकडं तोंड करून पाण्यावरून टाकायचं मी सरळ नाकारतो. समोरच्या वाऱ्यात डिस्क उजवीकडं जास्त वळते आणि वर उचलली जाते, हलकी डिस्क तर उलटीच होते. त्यात टाकायचीच असेल तर जड आणि डावीकडं पडणारी डिस्क, खालून, सपाट. मागून वारा असला की लोक खूश होतात. सपाट टाकलेल्या डिस्कला तोच वारा खाली दाबतो आणि ती ऐन पाण्याच्या मध्यावर लवकर उतरते. मागच्या वाऱ्यात थोडी उंच टाकायची.

गवताची काडी उडवून वारा बघण्यापेक्षा पाणी बघा. वाऱ्याचा झोत आला की पाण्यावर काळपट, सुरकुतलेला पट्टा सरकताना दिसतो. तो पट्टा निघून गेला की टाका. मास्तर याबाबत फार कडक. कुणी घाई केली की लगेच आवाज येतो, "काय बघूलालास रे? पाणी बघ की!"

डिस्क कुठली न्यायची

आवडती डिस्क घरी. पाण्याच्या जागी फक्त गेली तरी जेवण गोड लागेल अशाच डिस्क न्यायच्या.

बहुतेक चांगल्या प्लास्टिकच्या डिस्क बुडतात. वजनावरून ते कळत नाही. नियमाप्रमाणं व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपर्यंतच वजन चालतं, म्हणजे 21 सेंटिमीटरच्या डिस्कला साधारण 174 ग्रॅम. व्हर्नियर आणि सोनाराचा काटा असेल तर ताडून बघा. तरंगणाऱ्या म्हणून केलेल्या डिस्क मिळतात, इनोव्हा कंपनीची ड्रॅगन आणि हायड्रा त्यातल्याच. आपल्या पिशवीतली कुठली तरंगते हे न्हाणीतल्या मोठ्या टबात बघायचं. नुसती पाण्यावर ठेवू नका, सपाट ठेवलेली कुठलीही डिस्क खाली हवा धरून थोडा वेळ तरंगते आणि आपल्याला फसवते. उभी धरून पाण्यात पूर्ण दाबायची, आतली हवा बुडबुड करत निघाली की हात सोडायचा. वर आली तर तरंगणारी.

रंगाचं म्हणाल तर खानापूरकडच्या लाल पाण्यात नारिंगी आणि लाल डिस्क दोन वीत खाली दिसत नाही. जलपर्णी असलेल्या तळ्यात हिरवी गेली की विसरा. राणी कलर सगळीकडं दिसतो. पोरं हसतात, हसू देत. मागं पर्मनंट मार्करनं मोबाइल नंबर लिहा. गुराख्यांना सापडलेल्या डिस्क अशाच परत येतात.

बुडालेली डिस्क काढायला पाण्यात उतरायचं नाही, हा आमच्यात ठरलेला नियम आहे आणि त्यावर चर्चा होत नाही. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप यायची भीती, खाली काच, काटेरी तार, आणि जलपर्णीत पाय गुंतला तर सुटत नाही. विहिरीतली कळशी काढायचा लोखंडी गळ रविवार पेठेत मिळतो, पण तो नुसता चालत नाही, डिस्कला कडी कुठं असते आकड्यात अडकायला? मी उद्यमबागेतल्या वेल्डरकडून हातभर रुंदीची दाताळ्यासारखी चौकट करून घेतली, 8 मिलिमीटरच्या सळीची, मागं जाळी बांधलेली, आणि तिला नायलॉनचा लांब दोर. डिस्क पडली त्याच्या पलीकडं टाकायची, बुडू द्यायची आणि तळाला लावून सावकाश ओढायची. ओढताना दोर हाताला गुंडाळायचा नाही. आधी काठावरच्या लोकांना विचारायचं, कारण कुणाचं मासेमारीचं जाळं खाली लावलेलं असू शकतं. बायका धुणं धुवत असतील तर त्या जाईपर्यंत खेळच बंद. डिस्क पावणेदोनशे ग्रॅमची आहे, कपाळाला बसली की टाके पडतात. म्हशी पाण्यात असतील तरीही थांबायचं, म्हैस चिडत नाही पण तिचा मालक चिडतो.

बास्केट फिरवून बघा

इतकं सगळं बघून उत्तर "नाही" आलं तर लगेच घरी जायची गरज नसते. बास्केट फिरवा. पाणी आडवं होतं ते बाजूला घ्या, म्हणजे टी आणि बास्केट एकाच काठाला आणि पाणी कडेनं. कुठल्या कडेनं, याला महत्त्व आहे. उजव्या हाताच्या बॅकहँड खेळाडूची डिस्क शेवटाला डावीकडं पडते, म्हणून नवीन माणसासाठी पाणी उजव्या हाताला ठेवा, डिस्क आपोआप पाण्यापासून लांब येते. तोच होल उलट्या दिशेनं मांडला तर पाणी डावीकडं येतं आणि अवघड होतं. जोरदार समोरचा वारा असेल तेव्हा मात्र उजवीकडचं पाणीही ओढून घेतं, त्या दिवशी काठापासून आणखी वीस पावलं आत या. लहान पोरं बरोबर असतील तर मी पाणी बाजूलासुद्धा ठेवत नाही, बांधाच्या अलीकडंच सगळा खेळ.

आमचे मास्तर डावखुरे. त्यामुळं मी पाणी उजवीकडं ठेवलं की त्यांची डिस्क नेमकी पाण्याकडं पडते, आणि हा डाव आपल्याविरुद्ध रचलाय अशी त्यांची खात्री आहे. आता आम्ही एका बास्केटला दोन टी ठेवतो, दोन्ही टोकांना एक-एक. पहिल्या फेरीत त्यांची, दुसऱ्या फेरीत आमची. पहिली फेरी कुणाची यावर नाणेफेक होते, आणि नाणं मास्तरांचंच असतं.